लावीच्या पिल्लांची ऊब तोडताना



ऊस विकास खाते म्हटले की बेणे, खत, पाणी आणि तोडीचा कार्यक्रम एवढेच त्याचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि गटागटांतून हिंडताना सभासद आमच्याशी केवळ उसाबद्दल बोलत नाही. ऊस वर्षा-दीड वर्षाने पैसा दाखवतो, घरखर्च मात्र रोजचा असतो. तेव्हा मधल्या काळात चार पैसे हाती येतील असा एखादा जोडधंदा सांगा, ही मागणी सतत कानी पडते. म्हशी झाल्या, शेळ्या झाल्या, कोंबड्या झाल्या. अलीकडे काही सभासदांच्या घरी जपानी लाव्या, म्हणजे बाजारात ज्यांना बटेर म्हणतात ती पाखरे, दिसू लागली आहेत.

धंदा वाईट नाही. जागा थोडी लागते, पाचव्या आठवड्यात पाखरू विक्रीला येते, आणि सहा-सात आठवड्यांची मादी अंडी द्यायला लागते. पण या धंद्यात एक जागा अशी आहे, की तिथे चांगल्या चांगल्यांचा पाय घसरतो. ती जागा म्हणजे पिल्लांची ऊब तोडण्याची वेळ. त्याबद्दल आमचे मत स्पष्टपणे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पिल्ले घरी आली की पहिले आठ दिवस सगळे घर त्यांच्याभोवती असते. दिवा लागला का, पाणी आहे का, पिल्ले गोळा झाली का, सगळे बघतात. दहा-बारा दिवस झाले, पिल्ले टुणटुण उड्या मारू लागली, पंखांना पिसे दिसू लागली, की मालक म्हणतो, "झाली आता मोठी. काढा तो दिवा, वीज बिल वाढतंय." आणि पहाटे कोपऱ्यात पिल्लांचा ढीग सापडतो. वरची जिवंत असतात, खालची गुदमरून गेलेली असतात. मग दोष कधी खाद्याला, कधी पिल्ले देणाऱ्याला, तर कधी रोगाला दिला जातो. पहिल्या आठवड्यात मेलेले पिल्लू वाईट वाटायला लावते. तिसऱ्या आठवड्यात मेलेल्या पिल्लाने तीन आठवड्यांचे खाद्यही खाल्लेले असते. म्हणून ही मर खिशाला जास्त झोंबते.

आता हे पाखरू आहे तरी कसे, ते आधी पाहू. कोंबडीचे एक दिवसाचे पिल्लू ४० ग्रॅमच्या आसपास भरते. लावीचे भरते ७ ते ८ ग्रॅम. म्हणजे कोंबडीच्या एका पिल्लाच्या वजनात लावीची पाच पिल्ले बसतात. शरीर जितके लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त आणि ऊब बाहेर जायला वाट मोठी. पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो, बशीतला लगेच निवतो, तसेच हे. त्यातून अंगावर नुसती लव असते, ती ऊब धरून ठेवत नाही. स्वतःच्या अंगात पुरेशी ऊब तयार करून ती टिकवण्याची ताकद या पिल्लाला दोन ते तीन आठवड्यांत हळूहळू येते. एका रात्रीत येत नाही.

काही मंडळी विचारतात, "साहेब, उसाच्या फडात रानातल्या लाव्यांची पिल्ले असतात, त्यांना कोण बल्ब लावतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, त्यांना आई असते. पिल्ले चरतात, गारठली की आईच्या पंखाखाली शिरतात, ऊब घेतली की पुन्हा बाहेर पडतात. जसजशी पिसे भरतात तसतशी आत शिरण्याची वेळ आपोआप कमी होते. ऊब तोडण्याचा खरा धडा तिथेच आहे. पिल्लू स्वतः ठरवते, आणि हळूहळू ठरवते. आपली पाळीव जपानी लावी मात्र पिढ्यान् पिढ्या यंत्रातल्या उबवणीवर वाढलेली. ती सहसा खुडूक बसत नाही आणि पिल्ले सांभाळत नाही. १९७४ साली ही जात परदेशातून आपल्या देशात आली आणि इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्या पैदाशीचे काम वाढवले. तेव्हा इथे आई आपणच, आणि पंख म्हणजे दिवा. (जाता जाता सांगून ठेवतो. तोडीच्या वेळी फडात सापडणारे रानलावे किंवा त्यांची पिल्ले धरून आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.)

"दिवा किती दिवस ठेवायचा?" हा आम्हाला हमखास विचारला जाणारा प्रश्न. चौदा दिवस, एकवीस दिवस, असा एक आकडा सांगितला की सभासद समाधानाने जातो. पण आमचे स्पष्ट मत असे की, नुसता आकडा घेऊन जाणे हेच घात करते. डिसेंबरातल्या पिल्लांचा एकविसावा दिवस आणि मे महिन्यातल्या पिल्लांचा एकविसावा दिवस सारखा कसा असेल? मे महिन्यात दुपारी शेडमध्येच ३७-३८ अंश होतात, तिथे पहिल्या आठवड्यातही दुपारी दिव्याची गरज नसते; उलट उकाड्याने पिल्ले जातात. गाळप हंगामाच्या ऐन थंडीत, पाटाच्या पाण्याकडेच्या वस्तीवर, पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो. तिथे चौथा आठवडा लागला तरी रात्रीचा दिवा काढता येत नाही. ऊब तोडण्याचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात नसतो. तो पिल्लांच्या पिसांत आणि त्या त्या पहाटेच्या थंडीत असतो.

तरीपण काहीतरी धोरण हवेच. ते असे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ऊब असावी. थर्मामीटर भिंतीला टांगू नये, पिल्ले जिथे बसतात तिथे धरावा. नंतर रोज अर्धा अंश कमी करीत जावे. म्हणजे आठवड्याला साडेतीन अंश. ३६ वर सुरुवात केली तर तीन आठवड्यांनी आपण २५-२६ अंशांवर येतो. ऊब कमी करायची ती दिवा थोडा थोडा वर उचलून, किंवा १०० वॉटचा बल्ब काढून ६० चा आणि पुढे ४० चा लावून. झाकणीखाली उबेची एक जागा आणि तिच्याभोवती गार जागा, अशी दोन्ही पिल्लांना मिळाली पाहिजे, म्हणजे कुठे बसायचे ते त्यांचे त्यांना ठरवता येते.

थर्मामीटर नसेल तर पिल्लेच थर्मामीटर. दिव्याखाली गच्च गोळा होऊन चिवचिव करीत असतील तर ऊब कमी आहे. दिव्यापासून लांब कडेला जाऊन चोच उघडी टाकून, पंख खाली सोडून बसली असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येते आहे, ती शोधा. सगळीकडे सारखी पसरून काही खातात, काही झोपतात, आवाज मंद असतो, तेव्हा ऊब बरोबर आहे. हे बघायला शिक्षण लागत नाही, थांबून बघावे मात्र लागते.

आता प्रत्यक्ष तोडणी. तिचा क्रम आमच्या मते असा असावा. आधी दुपार सोडावी, मग सगळा दिवस, मग संध्याकाळ, आणि सर्वांत शेवटी पहाट. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस शेडमध्ये चांगली उष्णता असेल तर दुपारी दोन-तीन तास दिवा बंद करून पिल्ले कशी वागतात ते बघावे. तिसऱ्या आठवड्यात ऊन वर आल्यापासून दिवस मावळेपर्यंत बंद ठेवावा. नंतर संध्याकाळी उशिरा लावावा. शेवटी दिवा टांगलेला ठेवावा पण लावू नये, आणि पहाटे चारच्या सुमारास जाऊन बघावे. पिल्ले पसरून, सैल बसलेली दिसली तर ठीक. एकमेकांच्या अंगावर चढलेली दिसली तर दिवा लावावा आणि तोडणी दोन दिवस पुढे ढकलावी. लागोपाठ तीन पहाटा पिल्ले पसरलेली दिसली, की ऊब तुटली असे समजावे. तोपर्यंत नाही.

पिसांचीही एक सोपी खूण आहे. तिसऱ्या आठवड्यात छातीवरची पिसे येऊन नर-मादी ओळखता येऊ लागतात. नराची छाती तांबूस, एकरंगी. मादीची फिकट आणि तिच्यावर काळसर ठिपके. बहुतेक पिल्लांची छाती बघून नर की मादी ते सांगता येऊ लागले, की अंगावर पिसांची बंडी चढली म्हणायला हरकत नाही. पंखांची पिसे बघून फसू नये. ती सर्वांत आधी येतात, आणि पोट-छाती त्या वेळी उघडीच असते. बसलेल्या पाखराला गारठा लागतो तो खालून.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. बल्ब बंद केला की ऊब जाते आणि त्याच क्षणी उजेडही जातो. तीन आठवडे उजेडात काढलेली पिल्ले एकदम मिट्ट काळोखात सापडली की बिथरतात, कोपऱ्याकडे धावतात आणि ढीग होतो. थंडीने मेली असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात निम्मे काम काळोखाने केलेले असते. म्हणून ऊब आणि उजेड एकदम तोडू नयेत. उबेचा बल्ब बंद करताना एक मिणमिणता एलईडी दिवा चालू ठेवावा, आणि पाखरे शांत राहू लागली की तोही हळूहळू कमी करावा. चौकोनी खोलीचे कोपरे पुठ्ठा किंवा पत्रा लावून गोल करून घ्यावेत.

एलईडीचा विषय निघाला म्हणून दुसरी बाजूही सांगतो. हा दिवा उजेडाला उत्तम, पण त्यात अंगाला लागेल अशी ऊब नाही. घरात सगळीकडे एलईडी आले, म्हणून पिल्लांवरही तोच लावला आणि "दिवा तर रात्रभर होता" असे सांगणारे भेटतात. पिल्लांना उबेसाठी तारेचा जुना पिवळा बल्बच पाहिजे, किंवा उबेसाठीच बनवलेला दिवा.

वीज बिलाचे म्हणाल तर हिशेब करू. ६० वॉटचा एक बल्ब रात्रभर म्हणजे १२ तास जळाला, तर ७२० वॉट-तास होतात. पाऊण युनिटसुद्धा नाही. आठवडाभराची बचत पाच युनिटांच्या आसपास. एवढ्यासाठी तयार होत आलेली पाखरे पणाला लावायची? दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण अशाच वेळी आठवावी.

काहीजण उलट टोकाला जातात. पिल्लांवर माया म्हणून पाचव्या आठवड्यापर्यंत दिवा चालूच. हेही बरोबर नाही. जास्त उबेत पाखरू खाते कमी आणि पाणी पिते जास्त, पिसे नीट भरत नाहीत, दाटीत आणि प्रखर उजेडात एकमेकांना टोचा मारू लागतात. मग विक्रीच्या वेळी पाखरू भरत नाही आणि गिऱ्हाईक हात लावून परत ठेवते. रोपवाटिकेचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. एक डोळ्याची उसाची रोपे शेडनेटमध्ये कितीही छान हिरवीगार दिसली, तरी तिथून उचलून एकदम भर उन्हात लावली तर माना टाकतात. आणि सावलीतच ठेवली तर लांबुडकी, नाजूक होतात. म्हणून लागणीपूर्वी काही दिवस आपण त्यांना ऊन दाखवून, पाणी बेताचे करून कणखर करतो. पिल्लाचे तेच आहे. कणखरपणा थोडा थोडा ताण दिल्याने येतो. एका रात्रीत सगळे काढून घेतल्याने कणखरपणा येत नाही, मर येते.

शेवटचे दोन-तीन इशारे. पहिला, ऊब तोडण्याच्या आठवड्यात दुसरा कोणताही बदल करू नये. त्याच दिवशी खाद्य बदलले, त्याच दिवशी गादीवरून जाळीच्या पिंजऱ्यात टाकली, असे झाले की पाखराने सांभाळायचे काय काय? जाळीवर खालून वारा लागतो, तेव्हा पिंजऱ्यातली पहिली रात्र ही थंडीची रात्र समजावी. दुसरा इशारा गादीबद्दल. कारखान्याचा बगॅस स्वस्तात मिळतो म्हणून काहीजण तोच पसरतात. चांगला वाळवलेला बगॅस चालतो. पण गिरणीतून नुकताच निघालेला बगॅस जवळजवळ निम्मा पाण्याने भरलेला असतो. तो अंगाला गार लागतो आणि चार दिवसांत बुरशी धरतो. ओल्या गादीवर दिव्याची ऊब फुकट जाते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, वीज गेल्यावर कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो पिल्लांइतकाच माणसालाही मारतो. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या किंवा तापवून गोणपाटात गुंडाळलेल्या विटा मधोमध ठेवाव्यात, कडे आवळून जागा लहान करावी, वरून पोते टाकावे आणि हवेला फट ठेवावी. शेड प्लॅस्टिकने गच्च बांधून टाकण्याची सवयही सोडावी. आतला उग्र वास तुमच्या डोळ्यांना झोंबला, तर तो पिल्लांच्या तोंडाशीच असतो. वारा खालून नको, हवा वरून हवी.

हे सगळे लिहून आम्हाला जे मुख्य म्हणायचे आहे ते असे. या धंद्यातली पहिली पिल्ले बुडाली की घर पुन्हा त्या वाटेला जात नाही. लावीचा हिशेब सगळा पाच आठवड्यांचा. तिसऱ्या आठवड्यात खाल्लेला मार भरून काढायला तिच्याजवळ पुढे दोनच आठवडे उरतात. कोंबडीची रीत लावीला जशीच्या तशी लावून, किंवा शेजाऱ्याने अमुक दिवशी दिवा काढला म्हणून आपणही काढून, नवख्या सभासदाने कर्जाऊ पैशाची पिल्ले गमवावीत, हे आम्हाला पटत नाही. म्हणून दोन सूचना संचालक मंडळापुढे आणि आपणा सर्वांपुढे ठेवतो.

पहिली सूचना. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक दिवसाची पिल्ले घेऊच नयेत. ऊब तुटलेली, साडेतीन-चार आठवड्यांची पिल्ले घ्यावीत, भले दोन पैसे जास्त पडोत. यासाठी एखाद्या गटात, जिथे विजेची आणि देखरेखीची सोय आहे अशा ठिकाणी, सामाईक ऊबघर काढता येईल. पिल्ले तिथे वाढवून, ऊब तोडूनच सभासदांच्या घरी जावीत. एकेकट्याने वीस घरी वीस दिवे लावून वीस वेळा शिकण्यापेक्षा एका ठिकाणी नीट शिकलेले बरे. सहकाराचा अर्थ आम्ही तरी असाच समजतो. वारणानगरला साखरेच्या जोडीने दूध आणि कोंबड्यांचे धंदे सहकारावर उभे राहिलेले आपण पाहिले आहेत. ऊबघर ही त्या मानाने लहानशी गोष्ट आहे.

दुसरी सूचना. आमच्या मेळाव्यांना आणि प्रशिक्षणाला बहुधा पुरुष मंडळी येतात, टिपणे घेतात, चहा घेऊन जातात. पहाटे चार वाजता कंदील किंवा बॅटरी घेऊन पिल्ले बघायला उठते ती मात्र घरातली बाई. दिवा काढण्याचा हुकूम एकाचा आणि सकाळी मेलेली पिल्ले उचलायचे काम दुसरीचे, असा हा प्रकार आहे. लावीपालनाच्या प्रशिक्षणात अर्ध्याहून अधिक जागा महिला सभासदांना व सभासदांच्या घरातील महिलांना ठेवाव्यात, आणि वर सांगितलेले ऊबघर महिला बचत गटाकडेच द्यावे, असे आमचे ठाम मत आहे. दिवा कधी काढायचा हे ठरवण्याचा अधिकार, जी पहाटे उठून बघते तिचाच असला पाहिजे.

या सूचनांवर सभासदांनी आपले विचार गट ऑफिसमध्ये जरूर कळवावेत. ज्यांच्या घरी आज पिल्ले दिव्याखाली आहेत त्यांना एवढीच विनंती, की आज रात्री झोपताना पहाटेचा गजर लावा आणि दिवा काढण्यापूर्वी तीन पहाटा स्वतः बघा.



— ऊस विकास अधिकारी